पुढं वाच की

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीला लागून एक सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे काय, दहा बाय आठची एक खोली. भिंतीला लावलेली फडताळं, एक टेबल, आणि टेबलामागं लायब्ररीवाले मामा. मामा घरी कन्नड बोलायचे, पण बाबा कदम आणि चंद्रकांत काकोडकर यांच्या कादंबऱ्यांची नावं रामरक्षेसारखी म्हणायचे. गिरणीचं पीठ फटीतून आत येई. त्यामुळं तिथल्या प्रत्येक पुस्तकाला जोंधळ्याच्या पिठाचा वास होता. डिपॉझिट पाच रुपये, महिन्याची वर्गणी दोन रुपये, एका वेळी एक पुस्तक. पुस्तकांना खाकी कव्हर, आत शिक्का, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर आधीच्या वाचकांचे अभिप्राय. 'शेवट गोड.' 'फार रडू आले.' एकदा एका वाचकानं नुसतं 'माझेच आहे' एवढंच लिहिलेलं मी पाहिलं होतं आणि हसले होते. तेव्हा मला हसायला फार यायचं.

आई त्या लायब्ररीची पक्की मेंबर. १९७६ साली बाबा गेले तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. मी सोळा, धाकटा भाऊ अकरा. बाबा रविवार पेठेतल्या एका अडतीच्या दुकानात दिवाणजी होते. एका सकाळी दुकानात जायला म्हणून चपला घालायला वाकले, ते तिथंच बसले. एवढंच. आजारपण नाही, औषध नाही, कोणाला काही सांगणं नाही. आईचं शिक्षण मॅट्रिक आणि शिवणाचा कोर्स; एका शाळेत ती शिवणाची बाई म्हणून लागली. सकाळी शाळा, दुपारी गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज, आणि रात्री आम्ही झोपलो की चाळीसच्या बल्बखाली कादंबरी.

काय वाचायची? सगळं. कुसुम अभ्यंकर, सुमती क्षेत्रमाडे, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, स्नेहलता दसनूरकर. काकोडकर आणले की मात्र ते शिवणाच्या कापडाच्या गठ्ठ्यात असायचे. काकोडकर घरात आणणं त्या काळी थोडं धाडसच होतं. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या एका कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता, तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. त्याच साली त्यांच्या 'नीलांबरी'वरून काढलेला 'दो रास्ते' आला. निर्दोष सुटल्यावरही आमच्या घरी काकोडकरांचा मुक्काम गठ्ठ्यातच राहिला. (हाही दिवाळी अंकच, संपादकांनी हे वाक्य ठेवलं तर त्यांचं धाडस.)

मी तेव्हा बी.ए.ला मराठी घेतलेलं. 'कोसला' वाचून झालेली, ज्ञानेश्वरीचा एक अध्याय अभ्यासाला. आईच्या त्या खाकी कव्हरांकडं मी ज्या नजरेनं बघायची, ती आठवली की आज कानाच्या पाळ्या गरम होतात. 'काय मिळतं गं तुला यात?' मी विचारायची. ती म्हणायची, 'काय मिळायचंय? मी वाचतो बघ, झोप येईपर्यंत.' आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल मी येतो, मी जातो असंच बोलतात. पुण्याचे पाहुणे हसतात, पण आम्हांला त्यात काही वावगं वाटत नाही.

१९७९ ची गोष्ट. तुळशीचं लग्न होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. मी कॉलेजातून आले तर माझ्या अंथरुणाच्या वळकटीवर लायब्ररीचं पुस्तक. आईनं मला कधी पुस्तक सुचवलं नव्हतं. मी विचारलं तशी ती मशीनवरची मान वर न करता म्हणाली, 'ते वाच जरा. बरं आहे.'

त्या कादंबरीचं नाव मला आज आठवत नाही. लेखिकेचंही नाही. आपण ज्या गोष्टीवर सगळ्यांत जास्त अन्याय केला, तिचं नावसुद्धा ठेवून घेत नाही. कव्हर फाटलं होतं म्हणून मुखपृष्ठ दिसायचं, तेवढं आठवतं: खिडकीत पाठमोरी उभी असलेली बाई, आणि अंगणात एक माणूस सायकल धरून. मी पंधराएक पानं वाचली. तरुण विधवा, शेजारी राहायला आलेला बिजवर मास्तर, आणि सुनेच्या डोक्यावरून हात फिरवणारी प्रेमळ सासू. पुढचं न वाचताच मला कळलं की ही सासूच शेवटी कन्यादान करणार. रात्री जेवताना मी भावाला त्या सासूची नक्कल करून दाखवली. भाऊ खो खो हसला. आई भात वाढत होती, तीही थोडी हसली. दुसऱ्या दिवशी पुस्तक लायब्ररीत परत गेलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी निपाणीहून मावशी आली आणि तिच्याबरोबर ते गृहस्थ.

तालुक्याच्या गावी हायस्कुलात गणित शिकवायचे. बायको कावीळ होऊन गेलेली, नऊ वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा. अंगानं किरकोळ, स्वच्छ धोतर, केस मागं फिरवलेले. त्यांनी भावाला पंधराचा पाढा विचारला नाही, मला ज्ञानेश्वरीतला कुठला अध्याय म्हणून विचारलं. आईनं सांजा केला होता. खाणं झाल्यावर मी विड्याचं तबक पुढं केलं तर म्हणाले, 'मी पान खात नाही, बाळ,' आणि बडीशेपेचे चार दाणे उचलले. जाताना दारात चपला घालायला वाकले. बाबा जिथं बसले होते, नेमके त्याच जागी. मला ते बघवलं नाही.

मावशी त्या रात्री राहिली. आई मोरीत भांडी घासत असताना तिनं मला माजघरात बसवून घेतलं. 'मी सांगतो ते नीट ऐक. तुझी आई चाळीसची पण नाही. तू उद्या लग्न होऊन जाशील. हा पोरगा नोकरीला कुठं जाईल कोणास ठाऊक. माणूस बरा आहे. आईला मी विचारलं, तर ती म्हणते पोरीला विचार. ती हो म्हणाली तर बघू.'

कायदा १८५६ चा. विधवेनं पुन्हा लग्न केलं तर ते लग्न कायदेशीर, हे ठरून तेव्हा एकशे तेवीस वर्षं झाली होती. आणि आमच्या घरात त्याची परवानगी मागितली जात होती ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीकडं.

मी नाही म्हणाले नाही. हे मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. मी फक्त म्हणाले, 'तिला जमत असेल तर करू दे की.' आणि उठले, बाबांची छत्री खुंटीवर होती ती काढली, पुसली आणि माझ्या ट्रंकेत ठेवली. भांड्यांचा आवाज थांबला होता. त्यानंतर चार दिवस मी आईशी बोलले नाही. भांडण नव्हतं हं. भाकरी दिली की खायची, हाक मारली की यायची. फक्त बोलायची नाही. पाचव्या दिवशी आईनं पोस्टकार्ड टाकलं आणि मला म्हणाली, 'मावशीला नको म्हणून कळवलं. जेव आता नीट.' भावाला मावशीनं वेगळं विचारलं होतं. तो म्हणाला होता, 'त्यांच्याकडं सायकल आहे काय?'

का केलं मी असं? बाबांवरचं प्रेम म्हणाल तर होतंच. पण खरं सांगायचं तर दोन गोष्टी होत्या. एक, माझं लग्न. आईनं दुसरं लग्न केलेल्या मुलीला कोण करून घेणार, हा हिशेब माझ्या डोक्यात पक्का होता, आणि त्या हिशेबात मी नको ते मिळवलं होतं असंही नाही. त्या काळी बेळगावात तो हिशेब बरोबरच होता. दुसरी गोष्ट सांगायला जास्त लाज वाटते. मला आई त्या खाकी कव्हरातल्या बायकांसारखी व्हायला नको होती. त्यागमूर्ती आई चालली असती. तिच्यावर मी निबंध लिहिला असता. खिडकीत उभी राहून अंगणातल्या सायकलीकडं बघणारी आई मला नको होती.

पुढचं भराभर सांगते. धारवाडला विद्यापीठात एम.ए. केलं, कॉलेजात मराठी शिकवायला लागले, १९८४ साली लग्न झालं, एक मुलगी झाली. माझ्या मालकांनी मला कधी कमी केलं नाही. आई भावाकडं राहिली, नातवंडांचे कपडे शिवले. नव्वदच्या पुढं घरोघरी केबल आली, लायब्ररी बंद पडली, आणि मामांनी पुस्तकं रद्दीवाल्याला किलोवर दिली. मी तिथं गेले होते. गठ्ठे सोडून सोडून ती पाठमोरी बाई शोधली. सापडली नाही. अंगभर पीठ मात्र लागलं.

आता एक गंमत सांगते. गंमत म्हणायची तर. 'मराठीतली पहिली कादंबरी कोणती?' हा प्रश्न मी तीस वर्षांत किती मुलांना घातला असेल, मोजदाद नाही. उत्तर: 'यमुनापर्यटन', १८५७, बाबा पदमनजी. एक मार्क. मी पुढं अभिमानानं सांगायची, की हे बाबा पदमनजी आपल्या बेळगावचे बरं का, १८३१ साली इथंच जन्मले. मुलं माना डोलवायची. सीमाभागातल्या मुलांना असलं काही ऐकलं की बरं वाटतं. पण ती कादंबरी मी स्वतः वाचलेली नव्हती. गाईडात दिलेल्या कथानकाच्या चार ओळींवर माझी तीस वर्षं निघाली. २०१७ साली मालक गेले, आणि त्यानंतरच्या त्या न संपणाऱ्या पावसाळ्यात मी ती पहिल्यांदा सलग वाचली.

यमुना आणि विनायक हे शिकलेलं जोडपं गावोगाव हिंडतं, ठिकठिकाणी विधवांचे हाल बघतं. मग विनायकच मरतो. ज्यांच्या कहाण्या ती ऐकत आली, त्यांच्यात यमुना स्वतः जाऊन बसते. आणि शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. पुस्तक धर्मप्रचाराचं आहे, भाषा ओबडधोबड आहे, पात्रं बोलतात त्यापेक्षा व्याख्यानं जास्त देतात. ते सगळं खरं. पण मराठी कादंबरीनं जन्माला येताच पहिली गोष्ट सांगितली ती ही: नवरा गेलेल्या बाईच्या दुसऱ्या संसाराची. कायदा होऊन वर्षही उलटलं असेल-नसेल. तेहेतीस वर्षांनी, १८९० पासून, हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' 'करमणूक'मधून येऊ लागली. तिची नायिकाही यमूच. ती कलावस्तू म्हणून कितीतरी मोठी. पण त्या यमूचं जबरीनं केशवपन होतं आणि ती मरते. आम्ही वर्गात दुसऱ्या यमूवर तास घ्यायचो, पहिलीवर एक मार्क. मेलेली यमू शिकवायला सोपी जाते. जगून पुन्हा चूल मांडणारी जड जाते.

आणि एक गोष्ट दोन्हीकडं नाही. यमुनेला मोठी झालेली मुलगी नाही. पुढं आईच्या त्या सगळ्या लेखिकांच्या कादंबऱ्यांत मुलं असतात, पण कशी? एक तर कडेवर घेण्याएवढी, म्हणजे नवीन माणसाला 'काका' म्हणून बिलगायला मोकळी. नाही तर एकदम समजूतदार, आईचा हात धरून तिला बोहल्यावर नेणारी. दाराशी छत्री घेऊन बसलेली एकोणीस वर्षांची पोर मला कुठं भेटली नाही. खऱ्या इतिहासात मात्र ती जागा असते. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा त्यांची पहिली बायको जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. आपण गोदूबाईंच्या धैर्याचं कौतुक करतो, अण्णांवरच्या बहिष्काराचं वर्णन करतो. त्या अकरा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी काय वाटलं असेल हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता. पडायला पाहिजे होता. मला तर तो अनुभव होता.

मालक गेल्यावर भावानं आईला माझ्याकडं टिळकवाडीत आणून सोडलं. 'ताई, तुम्ही दोघी एकमेकींना बऱ्या,' म्हणाला. ती सत्त्याहत्तर, मी सत्तावन्न. घरात दोन विधवा, दोन कप चहा, एक टीव्ही. आईच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेली. मधलं दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. वाचन बंद. टीव्हीवरच्या मालिका तिला आवडायच्या नाहीत. 'कोण कोणाचं मरत पण नाही नीट, जगत पण नाही,' म्हणायची. मग मी तिला मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. पहिल्यांदा मी माझ्या आवडीचं लावलं. तिनं चार दिवस ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'हे तू कॉलेजात वाच. मला ते आपलं दे.' आपलं म्हणजे ते. मी वाचनालयातून क्षेत्रमाडे, जोगळेकर आणायला लागले. काउंटरवरची मुलगी, माझीच विद्यार्थिनी, माझ्याकडं बघायची. मी म्हटलं, 'मला आहेत.'

पुण्याहून लेक आली ती एक इंग्रजी कादंबरी ठेवून गेली. सिसिलिया अहर्नची 'पी. एस. आय लव्ह यू', २००४ सालची. 'आई, हल्ली अशी पुस्तकं खूप येतात. दुःख, घर, पुन्हा सुरुवात. वाच तू.' मला तिच्या त्या 'वाच तू'चा अर्थ कळला. आमच्या घरात पुस्तकं अशीच वळकटीवर ठेवली जातात. मी ती वाचली. पूर्ण वाचली.

डब्लिनमधली होली, तिशीच्या आतबाहेरची. नवरा जेरी मेंदूतल्या गाठीनं जातो. पण जाण्याआधी त्यानं तिच्यासाठी चिठ्ठ्या लिहून ठेवलेल्या असतात, दर महिन्याला एक उघडायची. त्यात साधीसाधी कामं. आणि शेवटच्या चिठ्ठीत तो तिला सांगतो, की पुन्हा प्रेम करायला भिऊ नकोस. लेखिका ती लिहिताना जेमतेम एकवीस वर्षांची होती. त्या वयात मी छत्र्या पुसत होते. पुस्तकात सैल जागा पुष्कळ आहेत, मैत्रिणींचे गोंधळ नको तितके आहेत. पण होली नवऱ्याच्या कपड्यांचं काय करायचं म्हणून बसते, ते मी दोनदा वाचलं. माझ्याही कपाटात सहा सदरे होते.

ती गोष्ट मी आईला संध्याकाळी तोंडी सांगितली, मराठीत, तीन-चार दिवस. चिठ्ठ्यांचं ऐकून तिला मोठी मौज वाटली. 'मरणाऱ्या माणसानं एवढं लिहून ठेवायचं? तुझे बाबा जन्मभर दुसऱ्याच्या पेढीचे हिशेब लिहीत होते. गेले तेव्हा वाण्याची उधारी किती, त्याचा एक कागद नव्हता घरात.' आम्ही दोघी खूप हसलो. मग जरा वेळानं तिनं विचारलं, 'तिला पोरं किती?'

'नाहीत.'

'मग बरं,' आई म्हणाली, आणि कुशीवर वळली.

मी पुष्कळ वेळ दिवा न लावता बसले होते. सगळ्या कादंबऱ्यांत कोणी ना कोणी परवानगी देतो. पदमनजींच्या यमुनेला देव देतो, खाकी कव्हरातल्या सुनेला सासू देते, होलीला मेलेला नवरा देतो. आईनं चाळीस वर्षं अशा परवानग्या वाचल्या होत्या, रोज रात्री, माझ्या उशापासून चार हातांवर.

आई २०२१ साली गेली. त्याच्या आदल्या दिवाळीतली ही गोष्ट. बाहेर कोणी येत-जात नव्हतं, फराळही आम्ही चिवड्यावर भागवला होता. मी तिला एक जुनी कादंबरी वाचून दाखवत होते. विधवा नायिका, आणि यात चक्क कॉलेजात जाणारी मुलगी होती. मला ती पुढं काय करणार ते कळलं होतं. वाचता वाचता ते पान आलं. मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणते, की तू माझा विचार करू नकोस. माझा आवाज बसला. पाणी प्यायले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडकले.

आई डोळे मिटून पडली होती. 'थांबलीस का?' म्हणाली. 'पुढं वाच की.'

'आई,' मी म्हटलं, 'ते निपाणीच्या मावशीबरोबर आलेले मास्तर...'

एकेचाळीस वर्षांत त्या माणसाचा उल्लेख आमच्या घरात झाला नव्हता. मला वाटलं, ती विचारेल, कोण मास्तर? तिनं विचारलं नाही. बराच वेळ काहीच बोलली नाही. बाहेर कोणीतरी एकच फटाका लावला आणि बंद केला.

'ते पान फार खायचे,' आई म्हणाली. 'मला तो वास सोसत नाही. म्हणून नको म्हटलं. तुझ्या डोक्यात काय काय असतं.'

'होय काय?'

'होय की. वाच आता.'

विड्याचं तबक त्या दिवशी मीच त्यांच्यापुढं धरलं होतं. मी चष्मा पुसला, ओळ शोधली आणि पुढं वाचायला लागले.